शू शेनचा 'श्वोवेन' आणि चिनी लिपिचिन्हांचे रूपांतर

चिनी लिपीचा उल्लेख मराठीत बहुधा 'चित्रलिपी' या नावाने केला जातो. सूर्याचे चित्र काढले की 'सूर्य' हा शब्द लिहिला गेला, तीन शिखरे काढली की 'डोंगर' लिहिला गेला, आणि पुढे शतकानुशतके लेखकांच्या हाताखालून जाता जाता ही चित्रे झिजून आजची चौकोनी चिन्हे तयार झाली, असा या नावामागचा समज आहे. हा समज केवळ परक्यांचा नव्हे. चीनमध्येच त्याला जवळजवळ एकोणीस शतकांची विद्वत्परंपरा आहे, आणि त्या परंपरेच्या मुळाशी प्रामुख्याने एकच ग्रंथ उभा आहे. तो म्हणजे हान राजवटीतील पंडित शू शेन याने इ. स. १०० मध्ये पूर्ण केलेला आणि त्याच्या मुलाने इ. स. १२१ मध्ये बादशहाला सादर केलेला 'श्वोवेन ज्येत्झी' हा कोश. साध्या आकृतींचे विवरण आणि संयुक्त आकृतींचे पृथक्करण, असा त्याच्या नावाचा अर्थ. ९,३५३ चिन्हे, त्यांची १,१६३ पर्यायी रूपे आणि या सर्वांची ५४० मूलघटकांखाली केलेली मांडणी असा त्याचा विस्तार आहे. चिन्हाचे घटक वेगळे करून त्याच्या रचनेचे कारण सांगावयाचे, ही पद्धत या ग्रंथाने घालून दिली.

१८९९ मध्ये वांग यीरोंग या पंडिताच्या हाती कासवांच्या कवचांवर आणि गुरांच्या हाडांवर कोरलेले लेख आले आणि या ग्रंथाच्या अधिकाराला प्रथमच खरा धक्का बसला. १९२८ पासून १९३७ पर्यंत होनान प्रांतातील आन्यांगजवळ जी पद्धतशीर उत्खनने झाली, त्यांतून हे लेख शांग राजांच्या शकुनविचाराचे असल्याचे निर्विवाद ठरले. त्यांतील सर्वांत जुने लेख इ. स. पू. १२०० च्या सुमाराचे, म्हणजे शू शेनच्या आधीचे तेराशे वर्षांचे आहेत. शू शेनला त्यांची वार्ताही नव्हती. तेव्हापासून 'श्वोवेन'विषयी दोन टोकांच्या भूमिका दिसतात. झांग बिंगलिनसारख्या थोर भाषापंडिताने कवचास्थिलेखांच्या अस्सलपणाविषयीच संशय घेतला आणि कोशाची बाजू उचलून धरली. उलटपक्षी, जुनी रूपे प्रत्यक्ष हाती आल्यावर शू शेनच्या स्पष्टीकरणांना संग्रहालयातील वस्तूंपेक्षा अधिक किंमत देण्याचे कारण नाही, असे मानणाराही एक वर्ग निर्माण झाला. या दोन्ही भूमिकांत एक महत्त्वाचा प्रश्न बाजूला पडतो. शू शेन चुकला हे खरे. पण तो नेमका कोठे चुकतो, आणि तेथेच का चुकतो?

'करणे, होणे' या अर्थाच्या 'वेई' या चिन्हाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कवचास्थिलेखांत या चिन्हाची आकृती स्वच्छ दिसते: वर एक माणसाचा हात, आणि त्या हाताने सोंडेला धरून चालविलेला हत्ती. ल्वो झेन्यू याने ही ओळख पटवून दिली. हत्तीकडून काम करून घेणे, यावरून 'करणे' हा अर्थ. होनानमध्ये हत्ती कोठून आला, अशी शंका घेण्याचे कारण नाही. आन्यांगच्या परिसरात पुरलेले हत्ती सापडले आहेत. कांस्यपात्रांवरील लेखांतही हत्ती ओळखू येतो. मुद्रालिपीत मात्र हात वर सरकून नख्यांसारखा झाला, सोंड त्यात मिसळली आणि धड लांबट वळणांत ताणले गेले. शू शेनपुढे होते ते हे शेवटचे रूप. वरच्या नख्या आणि खालचे लांब अंग पाहून त्याने निर्णय दिला की हे एका जातीचे माकड आहे, आणि माकडाला नख्यांनी ओरबाडण्याची खोड असल्यामुळे नख्या वर आहेत. कारकुनी लिपीत हत्तीच्या पायांचे आणि शेपटीचे चार ठिपके झाले. पुढे शीघ्रलेखनात तेही एका वळणात गेले, आणि १९५६ च्या सुलभीकरणाने तेच शीघ्ररूप प्रमाण म्हणून स्वीकारले. आज हे चिन्ह चार फटकाऱ्यांत लिहिले जाते. त्यात हत्ती नाही आणि माकडही नाही.

शू शेनच्या या चुकीला हसण्याआधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्याच्यापुढील आकृतीत हत्ती उरलाच नव्हता. जी आकृती बोलेनाशी झाली आहे तिला बोलती करणे हे त्याने स्वतःवर घेतलेले काम होते. आकृती मुकी झाली ती कशी, हा लिपीच्या इतिहासातला प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर परंपरेने दिले त्याहून वेगळे निघाले आहे.

परंपरेचे उत्तर असे: इ. स. पू. २२१ मध्ये छिन राजाने सर्व राज्ये जिंकून एकछत्री सत्ता स्थापली. त्याचा मंत्री ली सी याने लेखन एकरूप केले आणि लघुमुद्रालिपी प्रमाण ठरवली. मग चेंग म्याओ नावाच्या एका अधिकाऱ्याने तुरुंगात असताना कारकुनांच्या सोयीची सोपी लिपी शोधून काढली. म्हणजे मुद्रालिपी आधी, कारकुनी लिपी नंतर. लिपीचे श्रेय एखाद्या मंत्र्याच्या किंवा अधिकाऱ्याच्या नावावर जमा करण्याची ही हौस सार्वत्रिक दिसते. मोडी हेमाडपंताच्या पदरी घालणारी आख्यायिका महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. मोडीप्रमाणेच येथेही वस्तुस्थिती निराळी आहे. १९७५ मध्ये हूपे प्रांतात श्वेईहूदी येथे एका छिन अधिकाऱ्याच्या थडग्यात अकराशेहून अधिक बांबूच्या पट्ट्या सापडल्या. त्या साम्राज्यस्थापनेच्या अलीकडच्या-पलीकडच्या काळातील असून कारकुनी वळणाने लिहिलेल्या आहेत. सेच्वान प्रांतात छिंगछ्वान येथे मिळालेल्या, शेतांच्या बांधांविषयीच्या कायद्याच्या लाकडी फळीवरील मजकूर इ. स. पू. ३०९ चा आहे. तीवरही हे वळण सुरू झालेले दिसते. अर्थात कोणी तुरुंगात बसून ही लिपी शोधली नाही. कर, धान्य, गुन्हे आणि हद्दी यांची दप्तरे लिहिणाऱ्या असंख्य हातांनी कुंचल्याच्या घाईत वळणे मोडून सरळ केली, आणि ली सीची मुद्रालिपी निघण्यापूर्वीच छिन राज्यात दोन लेखनपद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या. एक शिलालेखांची आणि समारंभाची, दुसरी कचेरीची. साम्राज्याचे एकीकरणही केवळ वळणापुरते नव्हते. लीये येथे २००२ मध्ये सापडलेल्या दप्तरांत, यापुढे अमुक शब्दासाठी अमुक चिन्ह लिहावे व अमुक नावाऐवजी अमुक म्हणावे, अशा सूचनांची एक फळीच मिळाली आहे.

चिनी लिपीच्या इतिहासात खरा खंड पडतो तो या कारकुनी लेखनात. कवचास्थिलेखांपासून मुद्रालिपीपर्यंत आकृती बदलल्या, तरी त्यांच्यातील नाते बव्हंशी टिकून होते. कारकुनी लेखनात ते तुटले. आज 'चार ठिपके' म्हणून ओळखला जाणारा घटक पाहावा. 'जाळणे' आणि 'उष्ण' यांच्या चिन्हांत तो अग्नी आहे. 'घोडा' या चिन्हात तो घोड्याचे पाय आहे. 'मासा' या चिन्हात माशाची शेपटी आहे. 'वेई'मध्ये, वर सांगितल्याप्रमाणे, हत्तीच्या अंगाचा अवशेष आहे. चंद्रासारखा दिसणारा दुसरा एक घटक कोठे चंद्र असतो, कोठे मांस, तर कोठे नाव. भिन्न मूळ असलेल्या आकृती एक झाल्या, आणि एकाच मुळाच्या आकृती जागेनुसार वेगवेगळ्या झाल्या: अग्नी डाव्या बाजूस आला की अखंड राहतो, पायथ्याशी आला की त्याचे ठिपके होतात. चित्राची हळूहळू होणारी झीज या कल्पनेत हे बसत नाही. वापरणाऱ्यांनी चित्र सांभाळण्याची गरजच सोडून दिली, असा हा निर्णय आहे. त्यांना तो परवडला, कारण चिन्ह ओळखण्यासाठी त्यांना चित्र लागत नव्हते. चिन्ह आणि बोललेला शब्द यांचा संबंध पक्का झाला होता.

हा संबंध फार जुना आहे, आणि 'चित्रलिपी' हे नाव नेमका तोच झाकून टाकते. कवचास्थिलेखांतच एका शब्दाचे चिन्ह सारख्या उच्चाराच्या दुसऱ्या शब्दासाठी उसने घेतलेले सर्रास आढळते. 'येणे' या क्रियेचे चित्र काढता येत नाही. म्हणून गव्हाच्या जातीच्या धान्याचे रोप काढून त्याच उच्चाराचा 'लाय' हा शब्द लिहिला. 'पूर्व' या दिशेचे चित्र नाही. म्हणून दोन्ही टोकांना बांधलेल्या थैलीचे चिन्ह 'दोंग' या ध्वनीसाठी घेतले. असे उसने घेणे रूढ झाले की मूळ शब्दाची अडचण होते, मग त्याला खुणेसाठी एखादा अर्थसूचक घटक जोडावा लागतो. 'रान' हे चिन्ह मुळात 'जळणे' या अर्थाचे; त्याच्या पायथ्याशी अग्नी आहेच. पुढे ते 'असे, याप्रमाणे' या अव्ययासाठी उसने गेले. कारकुनी लेखनात तो अग्नी चार ठिपक्यांत लपल्यावर 'जळणे' लिहिण्यासाठी डावीकडे आणखी एक अग्नी जोडण्यात आला. त्या चिन्हात आज दोन अग्नी आहेत, आणि त्यांपैकी एक वाचणाऱ्याला दिसत नाही.

ध्वनी उसना घ्यावयाचा आणि अर्थाची खूण जोडावयाची, या एकाच यंत्राने चिनी लिपी वाढली. बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरकाळातही हेच यंत्र चालू होते, हे भारतीय अभ्यासकाला सहज पटेल. स्तूपासाठी 'ता' या उच्चाराचे चिन्ह मातीचा घटक जोडून केले गेले, संघासाठी 'सेंग' हे माणसाचा घटक जोडून. मारासाठी प्रथम 'दळणे' या अर्थाचे, दगडाचा घटक असलेले 'मो' वापरले जाई. त्यातील दगडाच्या जागी पिशाच्च आले, आणि परंपरा या बदलाचे श्रेय ल्यांग घराण्यातील वू या बादशहाला देते. ही तिन्ही चिन्हे मूळ 'श्वोवेन'मध्ये नाहीत. इ. स. ९८६ मध्ये शू श्वानने ग्रंथाची प्रत सिद्ध केली, तेव्हा जोडलेल्या पुरवणीत ती आली आहेत. आज 'श्वोवेन' म्हणून जो वाचला जातो तो मुख्यतः या प्रतीच्या आधारे, हेही विसरता कामा नये.

आता शू शेनच्या चुकांकडे वळावे. 'लाय' हे धान्याचे चिन्ह आहे, हे त्याने अचूक ओळखले. पण त्यावरून 'येणे' हा अर्थ कसा आला? ध्वनी उसना घेतला, हे साधे उत्तर त्याला सुचत नाही. तो सांगतो की हे मंगल धान्य झोउ राजघराण्याला स्वर्गातून मिळाले. ते 'आले', म्हणून त्याचे चिन्ह 'येणे' या अर्थाचे झाले. 'दोंग'मध्ये त्याला झाडाच्या आड उगवता सूर्य दिसतो, म्हणून 'पूर्व'. 'वांग', म्हणजे राजा: तीन आडव्या रेघा स्वर्ग, पृथ्वी आणि मनुष्य, त्यांना जोडणारी उभी रेघ म्हणजे राजा. हे स्पष्टीकरण तो दोंग झोंगशूच्या नावावर देतो. कवचास्थिलेखांत तेथे खाली पाते केलेली कुऱ्हाड आहे. 'वू', म्हणजे युद्धसामर्थ्य: यात शस्त्र आणि 'थांबणे' ही दोन चिन्हे असल्यामुळे शस्त्र थांबविणे हेच खरे सामर्थ्य, अशी छू राज्याच्या ज्वांग राजाची उक्ती तो प्रमाण मानतो. पण 'थांबणे' हे चिन्ह मुळात पाऊल आहे. शस्त्र आणि पाऊल, म्हणजे शस्त्र घेऊन कूच करणे. राजाची उक्ती उदात्त आहे; तिचा चिन्हाच्या उत्पत्तीशी संबंध नाही.

या सर्व चुका एकाच जातीच्या आहेत. जेथे चिन्हाचा अर्थ त्याच्या आकृतीपासून दूर गेला, आणि तो ध्वनीच्या वाटेने गेला, तेथे शू शेन अर्थाची वाट बांधू पाहतो. जेथे आकृती बदलली, तेथे तो बदललेल्या आकृतीत हेतू शोधतो. यास्काच्या 'निरुक्ता'शी परिचित असलेल्या वाचकाला ही वृत्ती ओळखीची वाटेल. कोणताही शब्द निर्वचनावाचून सोडू नये, हा तेथील दंडक; शू शेनही कोणतेही चिन्ह कारणावाचून सोडावयास तयार नाही. फरक एवढाच की 'निरुक्ता'त निदान गार्ग्याचा आक्षेप नोंदला गेला. 'श्वोवेन'ला असा गार्ग्य फार उशिरा भेटला.

विशेष म्हणजे हा मोह शू शेनला दुसऱ्यांच्या ठायी स्पष्ट दिसत होता. ग्रंथाच्या उत्तरभागातील निवेदनात तो समकालीन पंडितांची थट्टा करतो. ते कारकुनी लिपीलाच प्राचीन ऋषींची लिपी समजतात, घोड्याचे डोके असलेला माणूस म्हणजे 'वडीलधारा' असे सांगतात, माणसाने दहा धरले की 'दोउ' हे माप झाले म्हणतात. एवढेच नव्हे, तर न्यायाधिकारीही कायद्याच्या कलमातील चिन्हे अशीच फोडून त्यावर निवाडे देतात, अशी त्याची तक्रार आहे. त्याच्या खटाटोपामागील खरी निकड येथे कळते. चिन्हे फोडून वाटेल तो अर्थ काढण्याला आळा घालावयाचा, आणि त्यासाठी चिन्हांची जुनी, प्रमाण रूपे पुढे मांडावयाची. निदान बरोबर होते. औषध अपुरे पडले. त्याने निवडलेली मुद्रालिपी ही उगमाजवळची लिपी नव्हती. ती इ. स. पू. तिसऱ्या शतकातील एका राज्याची घडवलेली लिपी होती, आणि त्याच्या हाती आलेल्या काही रूपांवर तर कारकुनी वळणाचाच परिणाम झाला होता. थट्टा केलेल्या पंडितांहून तो इतिहासात काही पायऱ्या वर चढला. पण जेथे थांबला तेथे त्याने त्यांच्यासारखेच वाचन केले.

तरीही 'श्वोवेन' बाजूला सारता येत नाही, आणि याचे कारण नुसता परंपरेचा आदर हे नव्हे. एकोणिसाव्या शतकातील पंडित झू ज्युनशेंग याने या ग्रंथातील चिन्हांची वर्गवारी मोजली. ३६४ चित्ररूप, १२५ संकेतरूप, १,१६७ अर्थसंयोगाने झालेली, आणि उरलेली ७,६९७ चिन्हे ध्वनिघटक आणि अर्थघटक यांच्या जोडणीची. म्हणजे दर पाच चिन्हांपैकी चारांहून अधिक ठिकाणी शू शेन स्वतःच सांगतो की याचा हा घटक उच्चारासाठी आहे. 'च्यांग' ही नदी: पाणी हा अर्थघटक, 'गोंग' हा ध्वनी. 'च्यांग' आणि 'गोंग' आज जुळत नाहीत. म्हणूनच ही नोंद मोलाची. द्वान यूत्साय याने १८१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या विस्तृत भाष्यात या नोंदींची प्राचीन काव्यातील यमकांशी सांगड घातली. पुढे कार्लग्रेनने प्राचीन चिनी उच्चारांची पुनर्रचना केली, ती याच ध्वनिमालिकांच्या पायावर. कवचास्थिलेखांची उकलही 'श्वोवेन'ची मुद्रारूपे मधला दुवा म्हणून मिळाली नसती, तर अशक्यप्राय झाली असती. कवचांवरील सुमारे साडेचार हजार वेगवेगळ्या चिन्हांपैकी बरीच मोठी संख्या आजही अनुकलित आहे. जी वाचली गेली त्यांतील पुष्कळांची वाट या कोशातूनच गेली आहे.

म्हणजे ज्या ग्रंथाला चित्रवादाचा आधारस्तंभ मानले जाते, त्याचा फार मोठा भाग चित्रवादाविरुद्धचा पुरावा आहे. हा विरोध पाश्चात्त्य अभ्यासकांच्या ध्यानात उशिरा आला. फेनोलोसाचा निबंध एझ्रा पाउंडने १९१९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात चिनी कविता वाचणारा जणू चित्रे पाहत जातो अशी कल्पना होती; इंग्रजी कवितेला तिचा उपयोग झाला, चिनी लिपीच्या अभ्यासाला झाला नाही. १९३६ पासून पुढे क्रील आणि बूडबर्ग यांच्यात झालेल्या वादात बूडबर्गने ध्वनीची बाजू लावून धरली. चीनमध्ये तांग लानने १९३५ मध्ये शू शेनच्या षड्विध वर्गीकरणाऐवजी त्रिविध वर्गीकरण सुचवले, पण त्यात उसनवारीला स्वतंत्र स्थान दिले नाही. ते स्थान चेन मेंगज्याने १९५६ मध्ये दिले आणि च्यू शीग्वेईने १९८८ च्या आपल्या ग्रंथात पक्के केले. ही दुरुस्ती वरवर पाहता लहान. वस्तुतः 'लाय', 'दोंग' आणि 'रान' यांचा खुलासा त्यावाचून होत नाही.

हा वाद केवळ लिपिशास्त्रापुरता राहिलेला नाही, हे 'रेन' या शब्दावरून दिसते. कन्फ्यूशियसच्या नीतिविचारातील ही मध्यवर्ती संज्ञा. मराठीत तिला 'मानवता' किंवा 'सहृदयता' म्हणता येईल. तिचे रूढ चिन्ह माणूस आणि दोन या घटकांचे, म्हणून माणसामाणसांतील नाते म्हणजे 'रेन', असे विवरण असंख्य पुस्तकांत सापडते. शू शेनने याशिवाय एक 'प्राचीन' रूप नोंदले आहे: वर 'छ्येन' म्हणजे हजार, खाली हृदय. हे रूप शतकानुशतके कोडे होऊन बसले होते. शू शेनने दिलेली अशी 'प्राचीन' रूपे आदिकाळची नसून युद्धमान राज्यांच्या काळातील पूर्वेकडच्या राज्यांची आहेत, असे वांग ग्वोवेई याने १९१६ मध्ये प्रतिपादले होते. १९९३ मध्ये हूपे प्रांतातच ग्वोद्येन येथे इ. स. पू. ३०० च्या सुमाराच्या छू राज्यातील बांबूच्या पट्ट्या सापडल्या आणि या तर्काला भक्कम आधार मिळाला. त्यांत 'रेन' हा शब्द 'शेन' म्हणजे शरीर वर आणि हृदय खाली, असा लिहिला आहे. शू शेनचे 'हजार' हे या वरच्या घटकाचे संक्षिप्त झालेले रूप. 'रेन', 'शेन' आणि 'छ्येन' यांचे प्राचीन उच्चार परस्परांना जवळचे होते. वरचा घटक ध्वनीसाठी आहे. परंतु पट्ट्या प्रसिद्ध होताच काही अभ्यासकांनी 'शरीर आणि मन यांचे ऐक्य' असे नवे तत्त्वज्ञान या चिन्हातून काढले. 'वांग' आणि 'वू' यांच्या बाबतीत जे झाले, तेच पुरावा अधिक जुना मिळूनही पुन्हा झाले.

१९५६ च्या सुलभीकरणावरील टीकेतही हाच प्रकार आढळतो. त्या योजनेत काही ठिकाणी जुने रूपच परत आले. 'युन', म्हणजे ढग, याचे साधे मूळ चिन्ह 'म्हणणे' या शब्दासाठी उसने गेल्यामुळे वर पाऊस जोडावा लागला होता. सुलभीकरणाने तो काढून टाकला. हे मूळ रूप शू शेननेही नोंदलेले आहे. टीकाकारांचा खरा रोष आहे तो 'आय' म्हणजे प्रेम या चिन्हावर. जुन्या चिन्हाच्या मध्यभागी हृदय होते, ते नव्यात गळाले. हृदयावाचून प्रेम कसले, असा आक्षेप घेतला जातो आणि परंपरेचा दाखला दिला जातो. परंपरेचा सर्वांत जुना दाखला 'श्वोवेन'मध्येच आहे. तेथे या चिन्हाचा अर्थ 'चालण्याची एक ढब' असा दिला आहे. त्याचा अर्थघटक खालचे पाऊल, आणि हृदयासह वरचा सगळा भाग ध्वनीसाठी आहे, असे शू शेन म्हणतो. 'प्रेम' या अर्थाचे मूळ चिन्ह तो निराळे देतो, आणि ते पुढे वापरातून गेले.